अक्षरी रुपये एक

‘‘कशाचे किती?’’ भूपाल मगदूम यांनी मला विचारलं.

मी प्रश्न पुन्हा वाचला. ‘‘दवाखान्यातली तुमची खाजगी माहिती बाहेर गेली. त्यामुळे तुम्हाला जे सोसावं लागलं, त्याची भरपाई म्हणून किती रक्कम मिळाली तर तुम्ही समाधान मानाल?’’

‘‘ते कळलं ओ मॅडम. मघाशीबी कळलं हुतं. पण कशाचे किती, ते सांगा की. मी ट्रॅक्टरच्या सीटा शिवतो. गिऱ्हाईक आलं की इचारतो, रेक्झिन पायजे का कापड, फोम किती इंची. मग आकडा सांगतो. हितं मी काय मापू?’’

कोल्हापूरच्या सरकारी विश्रामगृहातली ती खोली होती. मे महिना, डोक्यावर पंखा नुसता कुरकुरत होता. माझ्या शेजारी आमचा टंकलेखक बोटं उचलून आकड्याची वाट बघत बसला होता. मगदूमांच्या शेजारी त्यांची बायको त्रिशला, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेली.

मी तेव्हा माहिती-संरक्षण प्राधिकरणात वरिष्ठ अर्थतज्ज्ञ होते. लोकांची खाजगी माहिती सांभाळायच्या कचेरीत अर्थतज्ज्ञ कशाला, हे कोडं माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत सुटलं नाही. ‘‘राखण करायची तर गुरखा ठेवा,’’ असं त्या म्हणायच्या. त्यांना मी सांगायची, की चोरी झाल्यावर माझं काम सुरू होतं. एखाद्या संस्थेनं लोकांची माहिती उघड्यावर टाकली, तर त्यानं लोकांचं किती नुकसान झालं याचा आकडा मी काढायचा. तो आकडा धरून दंड आणि भरपाई ठरायची. आकडाच नसला तर समोरचा वकील म्हणणार, नुकसान कुठाय दाखवा. वर्ध्याच्या कॉलेजात मी कापसाचे भाव शिकवत होते तेव्हा सुखी होते, असं मला त्या नोकरीत फार वेळा वाटलं.

हे प्रकरण मूल होत नाही म्हणून उपचार करणाऱ्या दवाखान्यांच्या एका साखळीचं होतं. तिचं नाव घेत नाही. त्यांनी सगळ्या पेशंटांचे कागद संगणकावर कुलूप न लावता ठेवले होते. ते कुणीतरी उचलले आणि इंटरनेटवर एक पान काढलं. त्या पानावर कुणाचाही मोबाइल नंबर टाकला, की त्या माणसाचा कागद समोर उघडायचा. एका ठिकाणी पान बंद केलं की गाजरगवतासारखं दुसरीकडे उगवायचं.

मगदूमांचा नंबर शिरोळ तालुक्यात कुणाला माहीत नव्हता असं नाही. ‘मगदूम सीट कव्हर’ म्हणून तो दुकानाच्या पाटीवर होता, रस्त्याकडेच्या भिंतींवर होता, लोकांच्या ट्रॅक्टरांच्या मडगार्डवरही होता. बातमी कळली त्या दिवशी ते डांबराचा डबा घेऊन निघाले आणि दिसेल त्या भिंतीवरचा स्वतःचा नंबर पुसत फिरले. लोकांना वाटलं, माणूस देशोधडीला लागला.

‘‘आमची सन्मती बारा वर्साची हाय,’’ मगदूम म्हणाले. ‘‘त्या कागदावर लिवलंय की मूल दुसऱ्याच्या बीजावर झालं. माझ्यात दोष हुता. ते मी कधीच मान्य केलंय, त्याचं मला काय न्हाई. तिची बारावी झाली की आम्ही दोघं बसून तिला सांगणार हाय, आमच्या तोंडानं. गावात समदी म्हणत्यात, पोरगी बापाच्या वळणावर गेलीया. चालतीबी माझ्यागत. मला ऐकून बरं वाटतंय. आता कुणी उद्या शाळेत तिला म्हणालं तर?’’

‘‘म्हणूनच आकडा सांगा,’’ मी म्हणाले.

‘‘आकड्यानं पान बंद हुतंय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग लिवा, सांगत न्हाई म्हणून.’’

टंकलेखकानं तसं लिहिलं. बाहेर पडताना त्रिशलाबाई दारात थांबल्या. ‘‘तिला कळायला नको एवढंच बघा मॅडम,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाकी काय बी करा.’’

मी ‘बघते’ म्हणाले. काय बघणार होते, देव जाणे.

बेलापूरच्या कचेरीत परत आल्यावर मी सगळ्या मुलाखती पुढ्यात घेतल्या, आणि पहिल्याच दिवशी अडले. आमच्या शास्त्रात एक नियम आहे. किंमत सांगायला नकार देणाऱ्याला प्रश्न समजलेला नाही असं धरायचं आणि त्याला हिशेबातून वगळायचं. हा नियम जगभर चालतो, आमच्या हस्तपुस्तिकेतही तोच होता. एरवी त्यानं काही बिघडत नाही. नदीवरचा पूल किंवा बाग यांची किंमत विचारली, तर नकार देणारे थोडे असतात आणि बहुतेक हट्टी असतात.

इथे उलटं झालं होतं. एकदाच तपासणी करून परत न गेलेल्या लोकांनी आकडे सांगितले होते. एकानं नव्या फोनची किंमत मागितली होती. आणि ज्यांच्या घरात मूल होतं, ज्यांचा जीव खरोखर टांगणीला लागला होता, त्यांनी जवळजवळ सगळ्यांनी मगदूमांसारखाच नकार दिला होता. म्हणजे नियमाप्रमाणे ज्यांचं सर्वस्व पणाला लागलेलं, तेच बाहेर.

आमची विधी अधिकारी फरीदा मुल्ला समोरच्या टेबलावर बसायची. मी तिला म्हणाले, ‘‘यांना फोन करून सांगू का, काहीतरी आकडा द्या म्हणून?’’

‘‘खुशाल कर,’’ फरीदा म्हणाली. ‘‘मग दवाखान्यांचा तो केळुसकर वकील विचारेल, आकडा यांचा की तुझा? आणि तुझा सगळा अहवाल केराच्या टोपलीत. त्यातल्या बाकीच्यांचंही जाईल. आपल्या हातानं त्यांचं घर जाळशील.’’

‘‘मग काय करू?’’

‘‘एक करता येईल. धारवाडकर साहेबांना सांगते, की नकार देणाऱ्यांना समक्ष बोलावून एकदा म्हणणं मांडू द्या. बंद खोलीत. आकडा त्यांनी स्वतः सांगायचा. तू मधे पडायचं नाही. कबूल?’’

मी कबूल झाले. धारवाडकर साहेब आमचे निर्णय देणारे सदस्य होते. माणूस सज्जन, पण नियमाला बांधलेला, इतका की रजेचा अर्जही नियमाचा क्रमांक घालून लिहायचा. त्यांनी परवानगी दिली. आता चार माणसं येतील, काहीतरी आकडे सांगतील आणि हिशेबात बसतील, या विचारानं मी त्या आठवड्यात चक्क आनंदात होते.

सुनावणीच्या दिवशी मगदूम दांपत्य आलं ते सन्मतीला घेऊन. निळा फ्रॉक, दोन वेण्या, हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा.

मगदूम मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘‘समुद्र बघायचा म्हणून मागंच लागली. आणि हिकडं कशाला चाललो म्हणून इचारायला लागली. मी सांगितलंय, ह्या ऑफिसातल्या खुर्च्यांची कव्हरं शिवायचं काम मिळायलंय. तुमी तेवढं सांभाळून घ्या.’’

‘‘घेते,’’ मी म्हणाले.

शिपायानं दोघांना आत बोलावलं. आधी वकिलांची कागदपत्रं व्हायची होती, माझी गरज नंतर लागणार होती. त्रिशलाबाईंनी जाता जाता माझ्याकडे नुसतं पाहिलं, म्हणून मी सन्मतीशेजारी बाकावर बसले. पलीकडच्या बाकांवर तिच्या आईबापांसारखीच सात-आठ जोडपी आपली पाळी येण्याची वाट बघत होती. सगळी एकमेकांशी न बोलता बसलेली.

सन्मतीनं समोरच्या खुर्च्या नीट न्याहाळल्या. ‘‘खुर्च्या नव्या हायत की,’’ ती म्हणाली.

‘‘आतल्या जुन्या आहेत,’’ मी म्हणाले.

तिनं मान हलवली. थोडा वेळ डब्याच्या झाकणाशी खेळत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, ‘‘मॅडम, बाहेर पाटीवर माहिती-संरक्षण लिवलंय. ते पान असतंय न्हवं, नंबर टाकायचं? ते कुणी बघितलं, हे तुमच्या ऑफिसात कळतंय काय?’’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ‘‘कुठलं पान?’’

‘‘मी मम्मीच्या फोनवरनं पप्पांचा नंबर टाकून बघितलो,’’ ती म्हणाली. त्या भागातल्या मुली ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. ‘‘पप्पा नंबरावर डांबर का लावायलेत म्हणून बघितलो. वर्गातल्या पोरीनं सांगितलं हुतं, असं एक पान हाय म्हणून. तिनं स्वतः न्हाई बघितलं. मीच बघितलो.’’

मी आधी आतलं दार बंद आहे ना ते पाहिलं.

‘‘पयल्यांदा कळलं न्हाई. मग सायन्सच्या बाईंना इचारलो. माझं म्हणून न्हाई, असंच. मग कळलं.’’ तिनं डब्याचं झाकण घट्ट बसवलं. ‘‘पप्पांना सांगू नका हं. ते ह्याच्यापायीच नीट जेवत न्हाईत, मला कळतंय. मला कळलं असं कळलं तर काय करतील? म्हणून इचारलो. फोन मम्मीचा हुता. तुमच्या कॉम्प्युटरात दिसत असलं, आणि आत त्यांनी सांगितलं तर?’’

पान कुणी कुणी पाहिलं, हे शोधायला आमच्या कचेरीनं वर्षभर डोकं फोडलं होतं आणि हाती काही लागलं नव्हतं. वरिष्ठांनी त्यावरून आम्हाला झापलंही होतं. ‘‘नाही कळत,’’ मी म्हणाले. ‘‘कुणालाच कळत नाही.’’

‘‘मग बरं,’’ सन्मती म्हणाली, आणि डबा उघडून तिनं मला लाडू दिला.

शिपाई आला. ‘‘मॅडम, साहेब बोलावतायत.’’ तो लाडू रुमालात गुंडाळून मी आत गेले.

आत केळुसकर वकील बोलत होते. गोड माणूस, आवाज कधी चढायचा नाही. ‘‘मगदूमजी, तुमच्याविषयी माझ्या अशिलांना पूर्ण सहानुभूती आहे. एवढंच सांगा, तुमच्या मुलीला ही गोष्ट कळली आहे का?’’

‘‘न्हाई,’’ मगदूम म्हणाले. ‘‘देवाच्या दयेनं न्हाई.’’

‘‘गावात कुणी बोललं?’’

‘‘अजून तरी न्हाई.’’

‘‘म्हणजे,’’ केळुसकर धारवाडकर साहेबांकडे वळले, ‘‘ज्याची भीती आहे ते घडलेलंच नाही. घडलेलं नुकसान आणि कल्पनेतलं नुकसान यात फरक करावा, एवढीच विनंती.’’

धारवाडकर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘अर्थतज्ज्ञांचं काही म्हणणं? नुकसान प्रत्यक्ष घडल्याचा काही पुरावा आहे तुमच्याकडे?’’

पुरावा दाराबाहेर बाकावर बसला होता, निळ्या फ्रॉकमध्ये. मी दोन वाक्यं बोलले असते तर केळुसकरांचं तोंड तिथंच बंद झालं असतं. मगदूम माझ्याकडे बघत होते, आता मॅडम काहीतरी बोलतील म्हणून. त्रिशलाबाईही बघत होत्या. त्या दोघांच्या देखत मी ती दोन वाक्यं कशी बोलणार होते? एका पोरीला मी नुकतंच ‘कुणालाच कळत नाही’ म्हणून सांगून आले होते. माझ्या हातातल्या रुमालात तिचा लाडू होता.

‘‘नाही,’’ मी म्हणाले.

मला इतका राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

‘‘मगदूम,’’ धारवाडकर साहेब मऊपणे म्हणाले, ‘‘तुम्ही रक्कम सांगितली नाहीत तर तुमचं म्हणणं हिशेबात धरता येत नाही. तसा नियम आहे. म्हणून तर आज बोलावलं.’’

‘‘हिशेबात धरत न्हाई म्हंजे?’’

‘‘म्हणजे तुम्हाला काही झालंच नाही, असं होतं.’’

मगदूमांनी बायकोकडे बघितलं. तिनं डोळ्यांनीच काहीतरी सांगितलं. ते उभे राहिले, शर्ट खाली ओढून नीट केला.

‘‘सांगितली तर धरणार?’’

‘‘धरणार.’’

‘‘मग एक रुपया लिवा.’’

मगदूम पुढे बोलत होते, शांतपणे, एखाद्या पाहुण्याला समजावून सांगावं तसं. ‘‘साहेब, आमच्याकडं सोयरीक करताना काय मागायचं नसलं की म्हणत्यात, रुपया आणि नारळ. त्याच्या वरती मान न्हाई. हिला मी तशीच करून आणली. आता पोरीपायी मी लाखाचा आकडा सांगितला, तर तिची किंमत केल्यागत हुतंय. बाप किंमत करत न्हाई. पण झालंच न्हाई असं नका लिवू. झालंय. एक रुपया लिवा.’’

‘‘माझ्या अशिलांची काही हरकत नाही,’’ केळुसकर लगेच म्हणाले. ‘‘नोंद व्हावी.’’

मी उठून उभी राहिले. नकार दिला असता तर मगदूम फक्त वगळले गेले असते. एक रुपया हा आकडा होता. तो हिशेबात धरला जाणार होता आणि बाकीच्यांची सरासरीसुद्धा खाली ओढणार होता. बिचाऱ्याचं हात दाखवून अवलक्षण झालं होतं आणि त्याला वाटत होतं आपण मान राखला. ‘‘साहेब, यांना याचा परिणाम समजावून सांगायला हवा,’’ मी म्हणाले.

‘‘खाली बसा, डॉक्टर खानझोडे,’’ धारवाडकर साहेब म्हणाले. ‘‘तुमच्या खात्यानं विचारलं, यांनी सांगितलं. आता साक्षीदाराला आकडा सुचवायचा का तुम्ही?’’

फरीदानं टेबलाखालून माझा पदर ओढला. मी बसले. लेखनिकानं लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, ‘‘रुपये एक, अक्षरी रुपये एक फक्त.’’ मगदूमांनी ऐकून मान हलवली, बरोबर आहे म्हणून.

पुढचं व्हायचं ते झालं. मगदूम बाहेर गेले आणि बाकावरच्या माणसांनी त्यांना विचारलं, आत काय झालं. दिवसभर गप्प बसलेली ती जोडपी एकदम बोलायला लागली. मग जो आत आला त्यानं एकच आकडा सांगितला. सांगोल्याचे एक प्राथमिक शिक्षक आले, लातूरची एक नर्स आली, दोघांनीही एक रुपया म्हटलं. ताठ मानेनं म्हटलं. केळुसकरांची एकाही वेळी हरकत नव्हती. संध्याकाळी मी सरासरी काढली तेव्हा ती इतकी खाली आली होती, की दवाखान्यांनी नंतर दंड भरला आणि त्यापेक्षा मोठ्या रकमेची वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. मूल हसतंय अशी.

जाताना मगदूमांनी मला नमस्कार केला. ‘‘आता हिशेबात आलो न्हवं आमी?’’

‘‘आलात,’’ मी म्हणाले.

सन्मती आईचं बोट धरून उभी होती. तिनं मला विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला आहे. मी खिडकीतून दाखवला. खाडी होती ती खरं तर.

पुढे मी ती नोकरी सोडली, वर्ध्याला परत आले, पुन्हा कापसाचे भाव शिकवायला लागले. ते पान अधूनमधून कुठे कुठे उगवतच राहिलं असं फरीदा फोनवर सांगायची. मगदूमांची आठवण निघाली की आम्ही दोघी विषय बदलायचो.

एका जूनमध्ये अनोळखी नंबरावरून फोन आला.

‘‘मॅडम, मगदूम बोलतोय. सीटवाला.’’

मी लगेच ओळखलं.

‘‘पोरीची बारावी झाली,’’ ते म्हणाले. ‘‘काल सांगितलं आम्ही. देवळातनं आलो, जेवलो, आणि दोघांनी बसून सांगितलं.’’

‘‘काय म्हणाली?’’

‘‘ऐकून घेतलं तिनं सगळं. मग लय रडली ओ. मी म्हटलं आता संपलं. तर माझ्या गळ्यात पडली आणि म्हणती, पप्पा, मला कायच म्हाईत नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच. मला कायच म्हाईत नव्हतं.’’ त्यांनी घसा साफ केला. ‘‘मॅडम, तुमचे उपकार हायत. तुमच्या ऑफिसानं राखलं बघा. बाहेरनं कळलं न्हाई पोरीला.’’

मी ‘हो’ म्हणाले.

‘‘थांबा, तीच मागायलीया फोन. देतो.’’

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मग दार लागल्याचा. मोठ्या मुलीचा आवाज होता, पण मी तो ओळखला.

‘‘मॅडम, एक इचारू? ते कुणी बघितलं, हे अजूनबी कळत न्हाई न्हवं?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘अजूनही नाही कळत.’’

‘‘मग बरं.’’

दाराबाहेरून मगदूम विचारत होते, काय म्हणतात मॅडम. तिनं फोन तोंडापासून लांब धरला, तरी मला ऐकू आलं.

‘‘काय न्हाई पप्पा. त्यांच्या ऑफिसातल्या खुर्च्या अजून चांगल्या हायत म्हणाल्या.’’